सुनंदाचं रक्त का वाढेना

"ही वस्ती आपण स्टडीतून काढून टाकू," डॉ. बर्वे म्हणाले. टेबलावर हिमोग्लोबिनचे रिपोर्ट पसरले होते. "बायका गोळ्या घेतच नाहीत. आपल्यासमोर हो म्हणतात आणि मागच्या दाराने फेकून देतात."

"फेकताना कोणी पाहिलंय का, सर?"

"मग रक्त का वाढत नाही, पगारेबाई?"

मी रिपोर्ट पुन्हा चाळायला लागले.

ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन होते. निफाड तालुक्यातल्या काही गावांत आमचा गरोदर बायकांवर अभ्यास चालू होता. सगळ्यांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या. लोक त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणतात. निम्म्या गावांत गोळीबरोबर रोज एक शेंगदाणे-गुळाचा लाडू. बाकीच्या गावांत नुसत्या गोळ्या, तो आमचा कंट्रोल ग्रुप. दोन्हीकडचं हिमोग्लोबिन मोजायचं आणि लाडवाने किती फरक पडतो ते बघायचं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा पदार्थ. तो तयार व्हायला लोह लागतं.

बाकी सगळीकडे आकडे थोडेफार वर सरकत होते. द्राक्षाच्या मळ्यांत मजुरी करणाऱ्यांची एक वस्ती मात्र जागची हलत नव्हती. तिथे गोळ्याही होत्या आणि लाडूही.

त्या वस्तीतली सुनंदा मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकत होती. पहिलटकरीण, सातवा लागलेला, आणि हिमोग्लोबिन साडेसहा. एवढ्या कमी रक्तात बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ. दुसरी बाई सहज सोसेल तेवढा रक्तस्राव हिला पुरेसा होता. वस्ती अभ्यासातून निघाली की आमची जीप तिथे जाणं बंद होणार, आणि गोळ्याही.

"पुढच्या मीटिंगपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"थांबतो. पण मला कारण हवं. दया नको."

लोहाची गोळी पोटात गेली की शौचाला काळं होतं. ही साधी खूण आम्हाला ठाऊक होती, पण विचारायची लाज आम्हालाच. वस्तीवर गेल्यावर मी सरळ विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सुनंदा म्हणाली, "डांबरावाणी होतं, बाई. मी तर पयल्यांदा घाबरलेच." नमुने लॅबला दिले. काळेच होते. म्हणजे गोळ्या पोटात जात होत्या. जंत असतील म्हणून तेही तपासले. सुनंदाचा रिपोर्ट स्वच्छ आला.

मग राहिला आहार. तो तर माझाच विषय. काल सकाळपासून काय काय खाल्लं, हे वाटीच्या मापाने विचारायची आमची पद्धत. सुनंदाने सांगितलं: बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी मेथी, कधी मटकीची डाळ, आणि आमचा लाडू. थोडकंच, पण शेजारच्या गावातल्या बायकाही तेच खात होत्या, आणि त्यांचं रक्त वाढत होतं.

त्या वेळी मी स्वतः पाच महिन्यांची गरोदर होते. जीपच्या धक्क्यांनी जीव नको व्हायचा. एका दुपारी सुनंदाच्या घरी टेकले. तिच्या सासूबाई, कौसाबाई, भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देत होत्या. ओल्या मातीचा वास घरभर सुटला होता. मी नकळत डोळे मिटून खोल श्वास घेतला.

कौसाबाईंचा हात थांबला. "बाई, तुमालाबी वास गोड लागतो का?"

"लागतो," मी म्हटलं.

त्यांनी हात धुतले, फळीवरचा डबा काढला आणि त्यातला त्याच मातीचा एक खडा माझ्यापुढे धरला. "घ्या. तव्यावर भाजलेली हाय. कचकच नाय लागत."

सुनंदाचा चेहरा पडला. "आत्या, त्यांना कशाला दाखवता?" सासूला ती आत्या म्हणायची.

"त्यात काय? त्याबी पोटुशीच हायेत. डोहाळे काय शिकलेल्या बाईला लागत नाय का?"

खडा माझ्या तळहातावर होता. खरं सांगते, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"सुनंदा, रोज खातेस?"

"दिवसातून चार-पाच खडे. गोळी घेतली की तोंड कसंतरी होतं, मग त्याच्यावर एक."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी जेवणाचं इचारलं, बाई. माती काय जेवण हाय?"

वस्तीतल्या बहुतेक गरोदर बायका ती खात होत्या. नाल्याच्या काठाची माती, कौसाबाईंनी आणलेली, भाजलेली, प्रेमाने वाटलेली. भाजलेली असल्यामुळे जंत नव्हते. पण काही मातींना लोह चिकटून बसतं आणि रक्तात जाण्याऐवजी मातीबरोबरच बाहेर पडतं.

मी हे सांगितल्यावर डॉ. बर्वे आधी हसले. मग उठून लायब्ररीत गेले. परत आल्यावर म्हणाले, "शक्य आहे. बंद करा म्हणावं."

"सर, सासू डोहाळे पुरवतेय. बंद करा म्हटलं तर चोरून खातील."

"मग?"

"मी बोलते."

कौसाबाईंना मी सांगितलं, की ही माती गोळीतलं रक्त पिऊन टाकते. त्यांनी फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच पोरीला..."

"नाही. तुम्ही तिचं मन राखलंत. आता जीव राखायचाय. गोळी सकाळी लिंबाच्या पाण्याबरोबर. मातीची आठवण आली की फुटाणे द्या. अगदीच राहवलं नाही तर संध्याकाळी एक खडा."

त्यांनी तो डबा उचलला आणि बाहेर नेऊन रिकामा केला. संध्याकाळचा खडासुद्धा ठेवला नाही. सुनंदा दोन दिवस सासूशी बोलली नाही, असं नंतर कळलं.

पुढच्या तपासणीला तिचं हिमोग्लोबिन पहिल्यांदा सातच्या वर गेलं. तेव्हा डॉ. बर्व्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि सही केली. लोह वाढलं तशी मातीची ओढही आपोआप कमी झाली. बाळंतपणाच्या वेळी ती नऊच्या जवळ होती. आम्ही तिला नाशिकलाच आणलं. मुलगी झाली, वजनाने जरा कमी, पण आवाज खणखणीत. कौसाबाई वॉर्डाबाहेर बसून सगळ्यांना फुटाणे वाटत होत्या.

वस्ती अभ्यासात राहिली. तिचे आधीचे कमी आकडे लाडूवाल्या गावांत धरले गेले, त्यामुळे लाडवाचा फरक आणखी पुसट दिसला आणि लाडवासाठी पैसे देणारी मंडळी नाराज झाली. मातीबद्दल आमच्या शोधनिबंधात दोन ओळी आल्या.

पुढे मी ओपीडीत प्रत्येक गरोदर बाईला विचारायला लागले, "आणि जेवणाशिवाय काय?" बंगल्यातल्या सुना खडू खात होत्या. एक शाळामास्तरीण पाटीवरची पेन्सिल खायची. मी माती खाल्ली का, असं मला अजूनही लोक विचारतात. नाही खाल्ली. खडा पर्समध्ये घालून लॅबला नेला. काय खाल्लं असं विचारलं की माणसं अन्नच सांगतात. बाकीचं विचारायचं राहिलं, तर तो दोष त्यांचा नसतो.