वेलीखालचं लुगडं

जिवती गावात आमच्या घरामागे राहणाऱ्या भाऊंनी नाशिककडून वाईनच्या द्राक्षांची कलमं आणली. तारा ताणल्या, छाटणी केली, सगळं शिकवल्यासारखं. फक्त छाटताना प्रत्येक फांदीला "लागलं काय वं?" असं विचारायचे. बोलता बोलता थांबून वर बघायची त्यांना सवय. उरलेलं वाक्य मांडवावर टांगून ठेवलेलं असावं तसं.

घड काळे झाले, गोड झाले, तरी भाऊ तोडेनात. उलट त्यांनी वेलीखालची जमीन शेणानं सारवली, वर जुनं लुगडं अंथरलं आणि पहाटेपासून टोपली घेऊन बसू लागले.

"भाऊ, तोडा ना आता," मी म्हटलं. "बुलबुल खाऊन राह्यले."

"मोहाचं फूल तोडते का कोणी?" ते वर बघत म्हणाले. "पिकलं का आपणच पडते. झाडाले समजते, आपल्याले नाई."

"मोह वेगळा, द्राक्षं वेगळी."

"दारू तं दोन्हीची होते ना?"



मणी सुरकुतायला लागले, लुगडं कोरंच राहिलं. एका सकाळी चहापत्ती मागायला गेलो, तर भाऊ मांडवाचा खांब गदागदा हलवत होते. मला पाहून दचकले, पण खांब सोडला नाही.

"आज हवा लय सुटली," ते म्हणाले.

शेजारच्या सागाचं एकही पान हलत नव्हतं. मी टोपली सरकवली आणि दुसरा खांब धरला.

"हो ना भाऊ," मी म्हटलं, "इकडूनही सुटून राह्यली."