मदतीतला माणूस

शेळगावच्या दूध संकलन केंद्राला मी सॉफ्टवेअर करून दिलं तेव्हा बारामतीत माझी कॉलर टाइट होती. गिऱ्हाईक मात्र तेवढं एकच. केंद्राचे सचिव म्हणजे आबा. सकाळी दूध घालायची रांग लागली की त्यांचा फोन ठरलेला. फॅट चुकली, पावती निघंना. एकदा म्हणाले, "आता परत रांग थांबली तर संचालक दुसरं सॉफ्टवेअर आणत्याल बघा." माझं धाबंच दणाणलं.

मग मी सॉफ्टवेअरमध्येच मदत बसवली. एफ वन दाबलं की खिडकी उघडणार आणि सगळं समजावून सांगणार. भाषा अगदी सोवळ्यातली. 'वापरकर्त्याने अपेक्षित नोंद निवडून दुरुस्ती करावी.' मीच लिहिलं आणि मीच वाचून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आलाच.

"आबा, मदत वाचली का?"

"वाचली की. कोर्टाची नोटीस वाटली. म्हणून तर तुमाला फोन लावला."

डोकंच फिरलं. फोनवर रोज जे ओरडायचो तेच मदतीच्या खिडकीत जसंच्या तसं टाइप केलं. 'आबा, आधी चष्मा लावा. फॅट चुकली ना? मग त्याच माणसाच्या नावावर जा, नवीन नाव घालू नका. लाल बटण न्हाय. लाल दाबू नका म्हणलं ना.' रागाच्या भरात पाठवूनही दिलं. आणि आबांचे फोन बंद झाले.

पुढं निमगाव केतकीच्या केंद्राची माणसं सॉफ्टवेअर बघायला शेळगावात येणार असं कळलं. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक. माझ्यातला साहेब जागा झाला. पाहुण्यांपुढं असलं खेकसणं शोभतं का? इस्त्रीचा शर्ट घालून मी लवकर पोचलो आणि आबांना न सांगता जुनी सोवळी मदत परत बसवली.

पाहुणे जमले. आबांनी ऐटीत एफ वन दाबलं. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग माझ्याकडं वळले.

"ह्यातला मानूस कुठं गेला?"

"कुठला माणूस?"

"खेकसायचा त्यो. खेकसायचा, पर समजायचं."

मी पुटपुटलो, "आबा, तो मीच की."

आबांनी माझ्या शर्टावरनं नजर फिरवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "त्यो फोनवर असतुया. ह्यो इस्त्रीवाला येगळा."

निमगावकर हसत उठले. त्यातले वडीलधारे मला म्हणाले, "सॉफ्टवेअर घेतो आमी. पर बसवायला तुमी येऊ नका, त्यालाच धाडा."