सरळ केलेलं लाटणं

मी तिसरीपर्यंतच शिकलो. लिहायला बसलं की मन लागत नाही, लाकूड कातायच्या खरादीवर मात्र लागतं. घरामागं पत्र्याखाली पाण्याच्या जुन्या मोटारीवर मी ती बसवलीय. लाकूड गरगर फिरायला लागलं आणि पटाशी टेकवली की कांद्याच्या सालीसारखे पातळ छिलके हातावर पडतात. गरम असतात. आमची ही गेली तेव्हापासून मी खरादीला हात लावला नव्हता.

मग उदगीरहून लेकीचा फोन आला. "अप्पा, अव्वाचं लाटणं कुणाला देऊ नका. मी सोमवारी न्यायला येते."

अव्वा म्हणजे तिची आई. लाटणं शिसवाचं, लग्नानंतर मीच केलेलं. पुसून ठेवावं म्हणून हातात घेतलं, तर एका अंगाला झिजलेलं. ही उजव्या हातावर जोर देऊन लाटायची. पोळी एका कडेला जाड यायची आणि मी रोज त्यावरून बोलायचो. खरादीवर बसणाऱ्याला वाकडं बघवत नाही. डोकं चाललंच नाही, हातच चालले. लाटणं खरादीच्या दोन टोकांत अडकवलं आणि मोटार चालू केली.

लई बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. वरचा तेलकट थर गेला, आतलं जांभळट लाकूड निघालं, वास सुटला. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं अन् मी शीळ घालत होतो. पॉलिश पेपर मारून मोटार बंद केली, अंगठा फिरवला. कुठंच उतार लागला नाही. तेव्हा मी खाली बघितलं. तिच्या हाताचा तो उतार छिलक्यांत पडला होता.

सोमवारी लेकीनं लाटणं उलटसुलट करून बघितलं.

"हे नवं हाय."

"न्हाई. अव्वाचंच हाय. वाकडं होतं, सरळ केलं."

"ती होती तवर तिच्या पोळीला नावं ठेवली. आता तिचं लाटणं पण सुधरवलं व्हय, अप्पा?"

"भूक लागलीय," म्हणालो.

तिनं कणीक मळून पोळपाट अन् तेच लाटणं माझ्यापुढं सरकवलं. "लाटा मग."

मी लाटल्या. ती नाक ओढत भाजत होती. पहिली माझ्या ताटात पडली. मी तिची कड चाचपली, सगळीकडून सारखी.

"काय बघायलात? खावा."

खाल्ली. जाताना तिनं लाटणं नेलं नाही. 'घे' म्हणायला मलाही तोंड नव्हतं.