चक्क्याची फुलं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून तर मुळीच नाही—माझं मन हलकं कशाला व्हायला हवं?

पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर नसीम राहायची. नवरा कुवेतला. विमानतळाच्या तेव्हा नुसत्या गप्पा होत्या, आणि घरी कपकेक करायचं खूळ आम्हा दोघींना एकदमच लागलं होतं. लोण्याचं क्रीम आमच्या उकाड्यात टिकायचं नाही. फूल काढेपर्यंत ओघळायचं. मग आम्ही चक्का धरला. माझ्या ओट्यावरच्या नळाला दही फडक्यात टांगायचं, चक्क्यात पिठीसाखर आणि वेलची घोटायची, दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कोपरा कापून तिच्यातून फुलं काढायची. कंटाळा आला की नुसतं वितळवलेलं चॉकलेट, वर टूटीफ्रूटी.

नसीमचा हात सुरेख. माझी फुलं म्हणजे चिकटवलेले गोळे. लोक तिचेच कपकेक उचलायचे, ऑर्डरीही तिलाच द्यायचे. मी हसून बघायचे—बघावंच लागायचं, नाही का?

सोसायटीतल्या मुलांच्या बक्षीस समारंभाला आम्ही कपकेक केले. माझ्या घरी, माझ्या ओट्यावर. गच्चीत नसीम ताट घेऊन उभी होती, भोवती मुलांची झुंबड. तेवढ्यात सेक्रेटरींच्या बायकोनं, माधवीताईंनी, मला बाजूला घेतलं. बाजूला कसलं—नसीमला ऐकू जाईल इतपतच.

"हे वरचं पांढरं काय गं? यांच्याकडचं आहे म्हणून विचारते. चरबी-बिरबी नाही ना?"

चक्का आहे. एवढंच म्हणायचं होतं!

मी म्हणाले, "वरचं सगळं तीच करते. मला नाही माहीत."

माधवीताईंनी नातवाच्या हातातला कपकेक काढून घेतला. मग दुसरीनं, तिसरीनं. एकीनं तर पोराच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. आजही आठवलं की डोकं भणभणतं. शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत बसणाऱ्या बायका! एकीलाही बोटभर चाखून बघावंसं वाटू नये? पण त्यांच्यावर भडकणं सोपं आहे. त्यांनी निदान विचारलं तरी होतं. उत्तर माझ्याकडे होतं.

"हिच्याच घरी केलेत," एवढं नसीम म्हणाली असती तर माझी वाचा बसली असती. ताट उचलून ती निघून गेली. संध्याकाळी मी तिच्या दारात गेले—कुठल्या तोंडानं गेले, कोण जाणे—तर ती एवढंच म्हणाली, "सकाळी भांडं तूच चाटून पुसलंस ना गं?"

हो. मीच.

घाबरले होते, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. याच बिल्डिंगमध्ये राहायचं होतं, वगैरे. थापा! कसलीही भीती नव्हती मला. तिचं ताट भरलेलंच परत गेलं ना—ते बघून मला बरं वाटलं होतं. आतून गार वाटलं होतं. मला तेच हवं होतं.

मग नसीमच्या ऑर्डरी बंद झाल्या आणि माझ्याकडे यायला लागल्या. "तुझ्याकडचं म्हणजे निर्धास्त," माधवीताई म्हणाल्या. मी थँक्यू म्हणाले. चक्का तोच, पिशवी तीच. मी सगळ्या ऑर्डरी घेतल्या. एकीलाही खरं सांगितलं नाही.

पुढे नसीमनं तळोज्याला घर बघितलं. सामानाचा टेम्पो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून सगळं दिसत होतं—कपाट, गाद्या, चादरीत गुंडाळलेला तिचा ओव्हन. तिनं एकदा वर पाहिलं. मी खाली उतरले नाही. ओट्यावर माधवीताईंच्या नातवाच्या वाढदिवसाचे कपकेक मांडले होते, आणि मी फुलं काढत होते. एव्हाना मला जमायला लागली होती. टेम्पो फाटकातून बाहेर पडल्याचा आवाज आला. मी पुढचं फूल काढलं. सगळी फुलं सुबक आली.