काकांनी मोडलेली तलवार

मागच्या मंगळवारी डोळखांबला गेलो होतो... खरं सांगायचं तर शायनिंग मारायला. हातात मी स्वतः बनवलेली लाकडी तलवार होती.

धाकटी बहीण सोनल शहापूरला मर्दानी खेळाच्या क्लासला जाते. रविवारी तिचं प्रात्यक्षिक होतं. समोरचीचा वार डोक्यावर तलवार आडवी धरून अडवायचा. क्लासमध्ये तलवारी कमी होत्या, तर म्हणलं, मी बनवतो! आयुष्यात कधी साधा पाट ठोकला नव्हता... पण यूट्यूब बघून माणूस काहीही बोलतो.

मुरबाडच्या वखारीतून सागाची फळी आणली. पेन्सिलने मस्त वाक आखला, करवतीने कापला, रंधा मारला, घासून घासून बोटं सोलली. तीन आठवडे. दिसायला एक नंबर!

डोळखांबचे काळूकाका म्हणजे माझ्या मित्राचे वडील. अख्ख्या पाड्याच्या कुऱ्हाडींना दांडे तेच बसवून देतात. पॉलिशकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एक डोळा मिटून लाकडाच्या रेषा बघत बसले. मग म्हणाले, "मोडू का रे?"

मी हसलो. म्हणलं, मोडून दाखवा.

अंगणातल्या दगडावर एकच घाव. वाकाच्या जागी फाटकन दोन तुकडे... आणि एक टोकदार कपची माझ्या कानाजवळून गेली.

डोकंच फिरलं माझं. काका शांत. "फळी सरळ, तू वाक कापलास. रेषा तिथंच तुटली. वाकडं पायजे तर वाकडंच लाकूड शोधायचं रे. सागाचा पाट कर नि जेव त्याच्यावर बसून." आतून काकी खुसखुसल्या.

आणि मग आठवलं... आदल्याच दिवशी सोनलने या तलवारीने घरी प्रॅक्टिस केली होती. हळूहळू केली म्हणून बरं. जोरात वार बसला असता तर ती कपची कुठे गेली असती? राग तिथेच विरला.

वाकडी फांदी तोडून आणावी तर ओलं लाकूड चालत नाही, आणि सुकवायला वेळ नव्हता. काका माळ्यावर चढले. चुलीच्या धुराने काळं पडलेलं, मुळातच वाक असलेलं धामणीच्या झाडाचं चिवट लाकूड खाली काढलं. नांगराचं रुमणं, म्हणजे हातात धरायची मूठ, करायला दोन वर्षं जपलं होतं. मी नको नको म्हणत होतो. "नांगर थांबंल. पोरीचा रविवार नाय थांबायचा."

दोन दिवस त्यांच्याच अंगणात बसून रेषा जाईल तसं तासलं. पॉलिश नाही, काही नाही... दिसायला चक्क कुरूप.

शनिवारी ती नवी तलवार लगेच सोनलला दिली नाही. डोक्यावर आडवी धरून स्वतः उभा राहिलो, तिच्या हातात काठी दिली. म्हणलं, मार, जोरात. तिने जराही दयामाया दाखवली नाही! कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. लाकडाला साधा चरा नाही.

रविवार मस्त झाला.

आपण बनवलेल्या वस्तूखाली कुणीतरी बिनधास्त डोकं घालून उभं राहणार आहे, हे रंधा हातात घेतानाच कळायला हवं होतं... काका, मोडलीत ते फार बरं केलंत.