बापूंची कृपा आणि जुना राऊटर

ऐका, हसायचं तर हसा, पण शेवटी हसा. मी डोक्यात राख घालून घेणारा माणूस आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी जो घोळ घातला, तो गावालाही नवीन होता.

कळमनुरीच्या जावेदभाईंनी आमच्याकडे नवं नेट बसवलं, सोबत नवा राऊटर दिला. जुना राहिला पडून. बायको म्हणाली, भंगारवाल्याला देऊन टाका. बघा म्हणजे! चांगली चालू वस्तू, दोन्ही शिंगं ताठ, आणि भंगारात? असा संताप आला की म्हटलं, याला कामाला लावूनच दाखवतो.

काम अंगणातच पडलेलं होतं. हळद शिजवून वाळत घातली होती आणि गावातली कुत्री-डुकरं तिच्यावरून खुशाल फिरत होती. एक छोटा कॅमेरा घरात होताच. त्याला नेट लागत नाही, नुसता राऊटर पुरतो. जुना राऊटर समोरच्या खोलीच्या खिडकीत ठेवला, कॅमेरा जोडला आणि बाजेवर आडवं पडून मोबाईलवर हळद बघितली. डुक्कर दिसलं की पडल्या पडल्या ओरडायचं. आणखी काय पाहिजे माणसाला?

राऊटरला नाव द्यावं लागतं. त्यात विचार कसला? आमच्या वडिलांना सगळे बापू म्हणायचे. आमच्या ट्रॅक्टरवर ‘बापूंची कृपा’, मळणीयंत्रावर तेच, फाटकावर तेच, नव्या राऊटरलाही तेच. जुन्याला वेगळं नाव दिलं असतं तर लोक म्हणाले असते, यांच्या घरात वाटणी झाली. म्हणून नाव तेच ठेवलं. पासवर्डही तोच.

हे झालं सकाळी नऊला. अकराला आमच्या मनीषाचा ऑनलाईन इंटरव्ह्यू होता. एका कंपनीची, घरी बसून फोनवर बोलायची नोकरी. ही हुकली तर तिच्या मामाने आणलेलं स्थळ पक्कं करायचं, असं मीच रागाच्या भरात बोलून बसलो होतो. पोरगी आठ दिवस आरशासमोर तयारी करत होती.

साडेदहाला ती समोरच्या खोलीत, उजेडाला बसली आणि म्हणाली, “बाबा, नेट चालून न्हाई राहिलं.”

बघतो तर नाव बरोबर, सिग्नलच्या काड्या भरलेल्या आणि आत ठणठणगोपाळ. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लावला जावेदभाईंना फोन. ते शांतपणे म्हणाले, लाईन बराबर दिसते. मी म्हटलं, दिसत असेल तुम्हाला, आम्हाला दिसत नाही. ते म्हणाले, एकदा आतल्या खोलीत बसून बघा.

आता सांगा, राग येणार नाही का? मी ओरडलो, “माझ्या घरात मी कुठं बसायचं ते तुमी सांगनार का?”

बिचाऱ्याने फोन ठेवला आणि मोटारसायकल काढली. तो येईपर्यंत मी फाटकात उभा राहून कंपनीचा, सरकारचा आणि बायकोच्या माहेरचा उद्धार केला. मनीषा लॅपटॉप उचलून मागच्या दाराकडे निघून गेली. आत जाऊन रडत असेल असं वाटून मी आणखी भडकलो. जावेदभाई आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मग काय, त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोललो. माझ्या लेकराचं नुकसान केलं, कनेक्शन काढून न्या, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. हातात मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेले, तिथे नेट चाललं. समोरच्या खोलीत आले, बंद. मग खिडकीकडे बघितलं.

“दादा, ह्ये काय हाय?”

“जुना राऊटर. त्याला तर नेटची वायरच न्हाई, त्याचा काय संबंध?”

“नाव काय ठेवलं त्याला?”

“बापूंची कृपा. पासवर्ड बी तोच.”

जावेदभाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “मंग लॅपटॉपला काय कळावं, दादा? जवळचं दार दिसलं, नाव घरचंच, शिरला आत. त्या घरात नेटच न्हाई.”

त्यांनी खिडकीतला राऊटर बंद केला. नेट सुरू. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे पोरीची नोकरी मीच घालवली. नवं नेट जागेवर होतं, जावेदभाई बरोबर होते, आणि आतल्या खोलीत बसला असतात तर, हे वाक्य बायको आता जन्मभर म्हणणार होती.

तेवढ्यात मनीषा फाटकातून आत आली. लॅपटॉप काखेत. ती रडायला गेलीच नव्हती, शेजारच्या सखूकाकूंच्या ओसरीवर बसून त्यांच्या नेटवर तिने इंटरव्ह्यू दिला होता. मी चाचरत विचारलं, कसा झाला?

“लागली नोकरी. तिथल्या तिथं हो म्हणले.”

“काय विचारलं?”

“काम हाय चिडलेल्या गिऱ्हाइकाला फोनवर शांत करायचं. म्हणले, असल्या मानसाला सांभाळायचा अनुभव हाय का? मी म्हणलं, भिंतीपलीकडून ह्यो जो आवाज येऊन राहिला ना मॅडम, ते माझे बाबा हायेत. तेवीस वर्षं झाली.”

बाकीच्या उमेदवारांना म्हणे अनुभव कमी पडला.