गिळलेला 'व'

वरच्या खोलीचं भाडं वाढवायचं, हे काकूंनी तीन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. अडत होतं ते योग्य वेळेसाठी! पहिल्या वर्षी भाडेकरू घड्याळजी नेमका तापाने फणफणला. आजारी माणसाला काय सांगणार, कपाळ? दुसऱ्या वर्षी त्याने काकूंचं बंद पडलेलं घड्याळ फुकटात चालू करून दिलं. झालं! ते टिकटिकतंय तोवर काकूंचं तोंड उघडेना. धाकटी बहीण त्यांना 'मुहूर्तबाई' म्हणायला लागली.

यंदा मात्र गळ्याशी आलं. मागच्या स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडायला लागले. गवंडी म्हणाला, "आता हात नाही लावला तर सगळं कढईत येईल." पण गवंड्याला पैसे कुठून द्यायचे?

बहिणीने वाक्य पाठ करून घेतलं. "पुढच्या महिन्यापासून भाडं जरा वाढवावं म्हणते." त्यातला 'भाडं' शब्द काकूंनी गुपचूप काढून टाकला. फार रोखठोक वाटतो म्हणे!

जिना चढून गेल्या तर घड्याळजी दारातच, हातात बिस्किटांचा पुडा. काकूंना वाटलं, हा खोली सोडून गेला तर? डोळे घट्ट मिटून त्यांनी वाक्य फेकलं आणि घाईत एक 'व' गिळला. "पुढच्या महिन्यापासून जरा वाढावं म्हणते!"

"मला?" घड्याळजी उडालाच. "जेवायला? अहो काकू, तुमच्या फोडणीचा वास घेत घेत मी रोज बिस्किटं खातो! पुढचा महिना कशाला? आजच वाढा की!"

काकू चूक सांगायला गेल्या, तर हसूच फुटलं.

साडेसातला स्वारी स्वतःचं ताट घेऊन हजर. दोनदा भाजी घेतली, तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, आणि टप्! छताचा पोपडा वाटीत.

घड्याळजीने वर पाहिलं. "काकू, अशा छताखाली राहता आणि माझ्याकडून जुनंच भाडं घेता? कमाल आहे! तीन वर्षं वाट बघतोय, कधी वाढवताय. विचारायची भीती वाटायची. तुम्ही म्हणाल, परवडत नसेल तर जा."

"मी? तुला जा म्हणेन?" काकू हसता हसता खालीच बसल्या. डोळे पुसले, वाटी बदलली, पळी उचलली.

"मग वाढवू?"

"वाढवा."

"आणि वाढू?"

त्याने ताट पुढे केलं.